विंचेस्टर मिस्ट्री हाऊस पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सॅन होजेत राहते. मे महिना लागला की इथल्या मराठी घरांमध्ये आई-बाबा, सासू-सासरे, मावश्या यायला लागतात आणि "ते भुताचं घर दाखवायला नेऊ का गं?" असा निरोप मला आठवड्याला एक तरी येतो. पाहुण्यांना घेऊन मी तिथे इतक्या वेळा गेले आहे की लोक आता तिकिटापासून भुतापर्यंत सगळं मलाच विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न उघडून तेवढंच उत्तर वाचलंत तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हे घर नेमकं काय आहे आणि कुठे आहे?

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात, ५२५ साऊथ विंचेस्टर बुलेव्हार्ड या पत्त्यावर लाकडाचा एक अवाढव्य वाडा आहे. विंचेस्टर रायफल बनवणाऱ्या घराण्यातल्या सारा विंचेस्टर या विधवा बाईंनी तो बांधला. १८८६ साली त्यांनी इथे आठ खोल्यांचं एक शेतघर विकत घेतलं आणि त्याला खोल्या जोडत गेल्या. ५ सप्टेंबर १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा आठाच्या १६० खोल्या झाल्या होत्या. त्यांनी स्वतः या घराला 'लानाडा व्हिला' असं नाव दिलं होतं. 'मिस्ट्री हाऊस' हे नाव त्यांच्या मागून आलेलं आहे.

आकडे ऐकून पाहुणे नेहमी थक्क होतात, म्हणून सांगते: २४,००० चौरस फूट बांधकाम, सुमारे २,००० दारं, १०,००० काचा, ४७ शेकोट्या, १३ न्हाणीघरं, ६ स्वयंपाकघरं. १९७४ पासून अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचं नाव आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या ऐतिहासिक खुणांच्या यादीतही ते ८६८ क्रमांकावर आहे.

२. 'व्हिक्टोरियन' म्हणजे आपलं बोरीबंदर ना? मग हे तसं का दिसत नाही?

मुंबईकराच्या डोळ्यांपुढे व्हिक्टोरियन म्हटलं की सीएसएमटी येतं, तेव्हा हा गोंधळ अगदी साहजिक आहे. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती. त्या काळातल्या बांधकामाला, मग ते कुठल्याही देशातलं असो, सरसकट व्हिक्टोरियन म्हणतात. बोरीबंदर १८८८ मध्ये पुरं झालं, म्हणजे दोन्ही इमारती एकाच पिढीतल्या. पण बोरीबंदर दगडी गॉथिक आणि सरकारी इतमामाचं. सॅन होजेचं हे घर 'क्वीन ॲन' शैलीतलं: लाकडी, रंगीत, कोपऱ्याकोपऱ्यात बुरूज, उतरती छपरं, भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्या, खांबांना नक्षी.

कॅलिफोर्नियात रेडवूडचं लाकूड मुबलक होतं आणि साराबाईंनी (मी त्यांना साराबाईच म्हणते) तेच वापरलं. मात्र त्याचा मूळ रंग त्यांना आवडत नसे. म्हणून ठिकठिकाणी त्यावर हाताने दुसऱ्या लाकडाच्या रेषा रंगवलेल्या आहेत. दाराजवळ उभं राहून नीट पाहा, ब्रशचा फटकारा दिसतो.

३. पाहायला किती वेळ लागतो? आपापलं फिरता येतं का?

घरात एकट्याने फिरता येत नाही, गाईडबरोबरच जावं लागतं, आणि ते योग्यच आहे. मी इतक्या वेळा जाऊनही गाईडच्या मागे नसते तर बाहेरची वाट मला सापडली नसती. मुख्य टूर ६५ मिनिटांची असते आणि तेवढ्यात ११० खोल्या दाखवतात. बागेत मात्र हवं तितकं रेंगाळता येतं. गाडी लावणं, तिकीट दाखवणं, बाग, दुकान असं सगळं धरून अडीच तास हाताशी ठेवा.

४. आमच्याकडे गाडी नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून कसं यायचं?

अंतर साधारण ८० किलोमीटर आहे. कॅलट्रेन या लोकल गाडीने सांता क्लारा स्टेशनवर उतरा आणि तिथून व्हीटीएची (इथली सार्वजनिक बससेवा) ६० नंबरची बस घ्या, ती विंचेस्टर बुलेव्हार्डवरूनच जाते. सॅन होजे विमानतळावरूनही हीच बस मिळते. स्टीव्हन्स क्रीक रस्त्याने येणाऱ्यांना २३ नंबर सोयीची. गाडीने येणार असाल तर एक लक्षात ठेवा: सँटाना रो हा दुकानं-हॉटेलांचा गजबजलेला भाग समोरच आहे आणि व्हॅली फेअर मॉलही हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शनिवार-रविवारी दुपारी या चौकात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. सकाळची पहिली वेळ घेतलेली बरी.

५. आईचे गुडघे दुखतात, बाबा व्हीलचेअरवर आहेत. जमेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देते. व्हीलचेअरवर असलेल्यांना घरातली मुख्य टूर करता येत नाही. बोळ अरुंद आहेत, मध्येच एखादी पायरी वर, दोन खाली, आणि जिने तर सगळीकडेच. घरात साराबाईंच्या काळच्या लिफ्ट आहेत, पण त्या पाहण्यापुरत्या. बाबांना बागेत बसवता येईल, तिथून घराचा दर्शनी भाग छान दिसतो. एकाने त्यांच्यासोबत थांबावं आणि दुसऱ्या वेळेच्या टूरला जावं. आम्ही दोनदा असंच केलं.

गुडघेदुखी असलेल्यांचा विचार वेगळा करावा लागतो. टूरमध्ये दीड किलोमीटरच्या वर चालणं होतं आणि वाटेत बसायला जागा जवळजवळ नाही. घरी एक मजला न थांबता चढता येत असेल आणि तासभर उभं राहवत असेल, तर जमतं. नसेल तर आग्रह करू नका. एका सहल कंपनीने "सीनियर सिटिझन्सना काही त्रास नाही" असं सांगून माझ्या ओळखीतल्या एका काकूंना आत पाठवलं आणि त्यांना अर्ध्यातून गाईडबरोबर बाहेर यावं लागलं. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं, आणि चूक त्यांची नव्हती.

टूर सुरू झाल्यावर आत स्वच्छतागृह नाही. १३ न्हाणीघरं आहेत ती दाखवण्यासाठी. आधीच जाऊन या, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी.

६. त्या बुटक्या पायऱ्या कसल्या? सगळे त्याबद्दलच बोलतात.

घरातली मला सगळ्यात प्रिय जागा ती. एक जिना आहे, त्यात ४४ पायऱ्या आणि सात टप्पे. एवढं सगळं चढून तुम्ही वर जाता ते अवघे नऊ फूट, कारण एकेक पायरी जेमतेम दोन-अडीच इंच उंच. आपला पाय सवयीने सात इंच उचलला जातो आणि मग टेकायला जागा शोधत खाली येतो. पहिल्या टप्प्यावर सगळ्यांचीच चाल बिघडते, दुसऱ्यापासून पाय घसटत चालायला लागतो आणि मग ते चढणं राहतच नाही, उतारावरून चालल्यासारखं वाटतं.

मी आईला घेऊन गेले होते तेव्हा गाईड पुढे काहीतरी सांगत होता. आईला इंग्रजी फारसं कळत नाही. घरात शिरल्यापासून तिने माझा दंड घट्ट धरला होता. या जिन्यावर तिसऱ्या वळणाला तिने हात सोडला. वर पोचल्यावर मागे वळून त्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिचे सांधे धरलेले होते ना गं?" दोन मिनिटांनी गाईडने तेच सांगितलं. साराबाईंना तीव्र संधिवात होता. पाय उचलवेना, तेव्हा त्यांनी जिनाच आपल्या पायांना झेपेल असा करून घेतला. त्यांची उंचीही जेमतेम चार फूट दहा इंच होती.

या जिन्याला 'भुतांना चकवण्यासाठीचा जिना' म्हणणारेही भेटतील. गुडघे दुखणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ती खरं कारण सांगेल.

७. या सारा विंचेस्टर होत्या कोण?

माहेरचं नाव सारा पार्डी, गाव कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन. १८६२ मध्ये विल्यम वर्ट विंचेस्टर यांच्याशी लग्न झालं. त्यांचे सासरे ऑलिव्हर विंचेस्टर रायफल कंपनीचे मालक. १८६६ च्या जूनमध्ये ॲनी नावाची मुलगी झाली आणि सुमारे चाळीस दिवसांत गेली. अन्न अंगी न लागण्याचा आजार होता. पुन्हा मूल झालं नाही. १८८० च्या डिसेंबरात सासरे गेले आणि तीनच महिन्यांत, मार्च १८८१ मध्ये, क्षयाने नवराही. वारशात कंपनीचे शेअर आले आणि ही बाई देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात येऊन राहिली.

मला तारखा जुळवून पाहायची सवय आहे. साराबाईंनी सॅन होजेचं घर घेतलं ते वर्ष १८८६. त्याच वर्षी ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः क्षयाने गेल्या. रमाबाई विधवा होत्या, पदरी लहान मुलगी होती. मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. साराबाई या दोघींना कधी भेटल्या नाहीत. तरीही साराबाईंच्या त्या अंधाऱ्या बोळांतून जाताना मला त्या दोघी आठवतात. बाळंतपण, क्षय आणि वैधव्य यांनी त्या काळातल्या बायकांचं काय केलं, हे आपल्याला बाहेरून शिकायला नको.

८. बंदुकीने मेलेल्यांच्या भुतांसाठी तिने घर बांधलं, हे खरं आहे का?

ही गोष्ट तुम्ही अशी ऐकली असेल: बॉस्टनच्या एका प्लँचेटवाल्याने साराबाईंना सांगितलं, 'विंचेस्टर रायफलने मेलेले आत्मे तुमच्या मागे लागलेत. पश्चिमेला जा, घर बांधा आणि बांधकाम कधी थांबवू नका. थांबलात की तुम्ही मेलात.'

याला एकही पुरावा नाही. इतिहासकार मेरी जो इग्नॉफो यांनी साराबाईंची पत्रं, हिशेब, वकिलांकडची कागदपत्रं तपासून त्यांचं चरित्र लिहिलं. त्यांना असा कुणी प्लँचेटवाला सापडला नाही. रायफलबद्दल अपराधी वाटतंय असं साराबाईंच्या हातचं एक अक्षर सापडलं नाही. भुताची गोष्ट वर्तमानपत्रांनी त्या हयात असतानाच सुरू केली. त्या कुणाला मुलाखत देत नसत, सार्वजनिक कार्यक्रमांना जात नसत, आणि घर तर वाढतच होतं. बाई गप्प राहिली की लोक तिच्या वतीने बोलतात.

त्या गेल्यावर काय झालं तेही पाहा. करमणूक बागा आणि रोलर कोस्टरच्या धंद्यातल्या जॉन ब्राऊन यांनी घर भाड्याने घेतलं आणि १९२३ च्या जूनमध्ये, म्हणजे वर्षही उलटलं नसताना, तिकीट लावून ते लोकांना दाखवायला सुरुवात केली. रिकामं घर दाखवायचं तर गोष्ट हवी, आणि गोष्ट आयती तयार होती.

मग भुताखेतांवर त्यांचा विश्वासच नव्हता का? एकोणिसाव्या शतकाच्या अमेरिकेत मृतांशी बोलण्याचे प्रयोग घरोघरी चालत. यादवी युद्धात लाखो माणसं मेली होती आणि मागे राहिलेल्यांना काहीतरी आधार हवा होता. बाळ आणि नवरा गमावलेल्या बाईने कधी असा प्रयत्न केला असेल, तर त्यात वेडेपणा काय? पण त्यावरून १६० खोल्या भुतांच्या नावावर लावायच्या, हे मला पटत नाही.

९. ३८ वर्षं रात्रंदिवस, एक दिवसही न थांबता काम चालू होतं म्हणे?

साधं गणित करा. घर घेतलं १८८६ ला, साराबाई गेल्या १९२२ ला. झाली ३६ वर्षं. ३८ चा आकडा १८८४ पासून मोजून आलेला आहे. आणि 'न थांबता' म्हणाल तर त्यांच्या पत्रांतून दिसतं की उन्हाळ्यात थकवा आला की त्या कामगारांना घरी पाठवत आणि विश्रांती घेत. १९०६ च्या भूकंपानंतर तर (प्रश्न १० पाहा) त्या बऱ्याचदा आपल्या दुसऱ्या घरांत राहिल्या आणि इथलं मोठं बांधकाम मंदावलं.

त्यांना बांधकामाचा नाद होता हे मात्र नक्की. आर्किटेक्ट नव्हता, पूर्ण घराचा नकाशा नव्हता. त्या खोलीचा विचार करायच्या, सुतारांना समजावायच्या, पाहायच्या, पटलं नाही तर पाडायच्या. घर बांधून पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. त्यांच्याकडे थांबायचं कारण नव्हतं आणि पैसे होते, एवढाच काय तो फरक.

१०. छताला जाऊन थडकणारा जिना, भिंतीत उघडणारं दार, बाहेर शून्यात उघडणारं दार: हे तरी विचित्रच ना?

दिसायला विचित्र आहे, पण बऱ्याच गोष्टींचं उत्तर एका पहाटेत आहे. १८ एप्रिल १९०६, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं. सॅन फ्रान्सिस्को ज्या भूकंपाने बेचिराख झालं, त्याच भूकंपाने हे घरही हादरवलं. तोवर सात मजली बुरूज होता, तो कोसळला. धुराडी पडली, सज्जे तुटले, पुढचा भाग खिळखिळा झाला. आज दिसतं ते चार मजली घर त्यानंतरचं आहे.

साराबाईंनी पडलेलं पुन्हा उभारलं नाही. मोडकळीला आलेलं काढून टाकलं, उरलेलं बंद केलं. सज्जा गेला, दार राहिलं. वरची खोली गेली, जिना राहिला. आपल्याकडे जुन्या वाड्यांत अर्धा भाग पाडल्यावर दुसऱ्या मजल्याच्या उंबऱ्यापाशी एकदम आकाश दिसतं, तसंच हे. अभ्यासकांचं म्हणणं असं की बऱ्याच 'रहस्यमय' जागा म्हणजे भूकंपाची न भरलेली जखम आहे.

गाईड हे नेहमी सांगतातच असं नाही. शून्यात उघडणारं दार बाहेरून, बागेतून दिसतं. तिथे मुलांना आधी भूकंपाची गोष्ट सांगा, मग दार दाखवा. कल्पना लगेच येते.

११. १३ आकड्याचं काय? सगळीकडे १३ आहे म्हणतात.

१३ काचा, कपडे अडकवायचे १३ हूक, १३ भोकांची मोरी अशी यादी गाईड देतात. त्यातलं काही साराबाईंच्या पश्चात बसवलेलं असावं असं तिथे काम केलेल्या सुताराच्या सांगण्यावरून अभ्यासक मानतात. १६० खोल्यांच्या घरात शोधलं तर कुठलाही आकडा सापडेल. यावर वेळ घालवण्यापेक्षा प्रश्न १३ मधल्या गोष्टी पाहा.

१२. आतलं सामान त्यांचंच आहे का?

नाही. साराबाईंनी सामान भाचीला ठेवलं होतं, तिने ते विकलं. आता खोल्यांत दिसतं ते त्या काळच्या धाटणीचं, बाहेरून आणून मांडलेलं. पुष्कळ खोल्या रिकाम्या आहेत आणि पाहुणे त्यामुळे हिरमुसतात. भिंती, लाकूडकाम, काचा, दिवे, फरश्या, बिजागऱ्या, कड्या या मूळच्या आहेत. नजर तिथे ठेवा.

१३. भुतं सोडली तर आत पाहण्यासारखं काय आहे?

खरं तर सगळंच, पण चार गोष्टी चुकवू नका.

पहिली, उत्तरेकडची काचघराची खोली, जिथे त्या झाडं ठेवत. लाकडी जमिनीचे भाग उचलून काढता येतात. खाली जस्ताचा पत्रा घातलेला आहे आणि त्याला उतार दिलाय. कुंड्यांना पाणी घातलं की जादा पाणी पत्र्यावरून नळीत जायचं आणि तिथून खालच्या बागेला. लाकूड कुजत नाही, पाणी वाया जात नाही. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा गाईड पुढच्या खोलीत गेला तरी मी तिथेच वाकून बसले होते. पागोळीचं पाणी हौदात घेणाऱ्या कोकणातल्या माणसाला या बाईचं डोकं लगेच कळेल.

दुसरी, कपडे धुण्याची खोली. तिथल्या धुण्याच्या कुंड्यांमध्ये कपडे घासायचा खडबडीत भाग आणि साबणाची जागा कुंडीतच घडवलेली आहे, वेगळी फळी लागत नाही. धुणाऱ्या बाईचा विचार करून केलेली वस्तू आहे ती.

तिसरी, नृत्याची मोठी खोली. खिळे जवळजवळ न वापरता, लाकडात लाकूड अडकवून केलेलं काम. तिथल्या दोन काचांवर शेक्सपिअरच्या नाटकांतल्या ओळी आहेत, एक 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा' मधली, दुसरी 'रिचर्ड दुसरा' मधली. 'रिचर्ड दुसरा' मध्ये ती ओळ कैदेत एकटा पडलेला राजा म्हणतो. आपल्या विचारांनीच त्याचं ते एवढंसं जग भरून गेलंय, असा तिचा भाव. साराबाईंनी ही ओळ का निवडली ते त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. मी त्या काचेपाशी थोडी थांबते.

चौथी गोष्ट म्हणजे सोयी. त्या काळात, गावाबाहेरच्या शेतात, घरात गरम पाण्याचा शॉवर होता, बटण दाबून पेटणारे गॅसचे दिवे होते, लिफ्ट होत्या, आणि नोकराला कुठल्या खोलीत बोलावलंय ते दाखवणारी घंटांची व्यवस्था होती. आज हा भाग सिलिकॉन व्हॅली आहे. तेव्हा इथे मैलोगणती जर्दाळू, आलुबुखार आणि अक्रोडाच्या बागा होत्या. साराबाईंच्याही होत्या, आणि फळं वाळवण्याची सोयही आवारात होती. त्या बागाईतदारीण होत्या, हे टूरमध्ये फारसं ऐकू येत नाही.

१४. मुलं घाबरतील का? किती वर्षांच्या मुलांना न्यावं?

दिवसाच्या टूरमध्ये घाबरवणारं काही नसतं. पाच-सहा वर्षांची मुलं मजेत फिरतात. त्याहून लहान मूल तासभर गप्प राहणं कठीण, आणि बाबागाडी आत नेता येत नाही, कडेवर घ्यावं लागतं. ऑक्टोबरात हॅलोवीनच्या रात्रीचे वेगळे कार्यक्रम असतात, ते मुद्दाम भीती घालण्यासाठीच असतात. तिकीट काढताना दोन्हींत गल्लत करू नका. गेल्या खेपेला माझ्या मैत्रिणीच्या लेकीला रात्री झोप लागली नव्हती, कारण तिला गाडीतच सगळी भुताची गोष्ट ऐकवली होती. जिना आणि पाण्याची नळी दाखवू असं सांगून न्या, बाकीचं ती मोठी झाल्यावर वाचतील.

१५. आई-बाबांना इंग्रजी नीट कळत नाही. कंटाळतील का?

टूर इंग्रजीत असते आणि गाईड भराभर बोलतात. मध्येमध्ये भाषांतर करत बसलं तर आपलंही निसटतं आणि इतरांनाही त्रास होतो. आदल्या रात्री जेवताना प्रश्न ७ आणि १० मधलं मराठीत सांगून ठेवा. मग आत त्यांना फक्त पाहायचं काम राहतं. माझ्या आईने भाषेवाचून काय ओळखलं ते प्रश्न ६ मध्ये लिहिलंच आहे.

१६. फोटो, पिशव्या, डबा?

मोठ्या पिशव्या आणि खाणं आत चालत नाही. फोटो-व्हिडिओचे नियम गाईड सुरुवातीला सांगतात, तेवढे पाळा. भिंतींना, कागदी नक्षीला हात लावू नका. एकदा बोट फिरवल्याने काही होत नाही असं वाटतं, पण मागून हजारो बोटं येतात. उन्हाळ्यात वरचे मजले तापतात, सुती कपडे घाला, पाणी आधी पिऊन घ्या. चपलेपेक्षा मागे पट्टा असलेलं काहीतरी घाला. साडी नेसणाऱ्यांनी अरुंद जिन्यांवर निऱ्या जरा वर धराव्यात.

१७. तिकीट महाग आहे. सरकारी संग्रहालय आहे ना, मग सवलत का नाही?

सरकारी नाही. घर खाजगी मालकीचं आहे आणि तिकिटांच्या पैशांवरच चालतं. शंभर वर्षांहून जुनं लाकडी घर टिकवणं म्हणजे रंग, छप्पर, वाळवी यांच्याशी रोजची लढाई आहे. महाग आहे हे मलाही मान्य, चौघांचं कुटुंब असेल तर खिशाला जाणवतं. ज्येष्ठांना आणि मुलांना दर कमी असतो. जाण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा दर आणि वेळ पाहूनच निघा, दोन्ही बदलत असतात. ऐनवेळी दारात गेलात तर सोयीची वेळ मिळेलच असं नाही.

१८. 'शुक्रवार १३ तारीख' आली तर जावं का?

त्या दिवशी दुपारी १ वाजता, म्हणजे २४ तासांच्या घड्याळात १३ वाजता, घंटेचे १३ टोले देतात. रात्री विजेरी घेऊन टूर असते. गंमत हवी असेल तर जा. घर पाहायचं असेल तर साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी जा. तेव्हा गर्दी नसते आणि छतातल्या काचांमधून येणारा उजेड आतपर्यंत पोचतो. साराबाईंनी ५२ छतकाचा बसवल्या त्या याच उजेडासाठी, आणि काही तर आतल्या मजल्यांच्या जमिनीतही आहेत.

१९. आम्हाला भुताची गोष्ट नकोच. साधं, सामानासकट व्हिक्टोरियन घर पाहायचं असेल तर?

मग सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँकलिन स्ट्रीटवरचं हास-लिलिएन्थल हाऊस पाहा. तेही १८८६ चं, तेही क्वीन ॲन शैलीतलं, आणि १९०६ च्या भूकंपातून वाचलेलं. तिथे एकाच कुटुंबाच्या पिढ्या राहिल्या, त्यामुळे घर राहतं वाटतं. दोन्ही पाहता आली तर आधी ते पाहा, मग सॅन होजेचं. नेहमीचं घर कसं असायचं हे कळल्यावर साराबाईंनी काय वेगळं केलं ते उमजतं.

२०. एवढा पैसा घरात घालण्यापेक्षा तिने गरिबांसाठी काही का केलं नाही? (सासूबाईंचा प्रश्न)

केलं की. माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं होतं, तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून घरी येऊन शोधलं. नवरा क्षयाने गेला होता. त्याच्या नावाने कनेक्टिकटमध्ये क्षयरोग्यांचं रुग्णालय उभं राहावं म्हणून साराबाईंनी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली, आणि तीही गाजावाजा न करता. विल्यम वर्ट विंचेस्टर यांच्या नावाचं ते रुग्णालय न्यू हेवनशेजारी वेस्ट हेवनला झालं. पहिल्या महायुद्धात तिथे सैनिकांवर उपचार झाले. टूरमध्ये हे आलं तर एखाद्या वाक्यात येतं. न आल्यास शेवटी गाईडला विचारा, ते सांगतात.

साराबाईंना न्यू हेवनच्या एव्हरग्रीन दफनभूमीत, नवरा आणि चाळीस दिवसांच्या ॲनीजवळ पुरलं आहे. त्याच गावात, येल विद्यापीठाच्या रुग्णालयात, छातीच्या विकारांचा विभाग आजही विंचेस्टर याच नावाने चालतो.